सावलीच्या जागा
(पिंपळनेर येथील प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



आज मी सावलीविषयी बोलणार आहे. खानदेशातल्या माणसाला सावलीची किंमत सांगायला नको. वैशाखात दुपारी बारा वाजता रस्त्यावर उभे राहा, म्हणजे ती आपोआप कळते. आपल्या गावाच्या नावातच पिंपळ आहे. तरी एस.टी.ची वाट पाहताना आपण पानटपरीच्या पत्र्याखाली उभे राहतो.

मागच्या आठवड्यात वर्गात एका आजीने विचारले, “गुरुजी, नातवाने मला नाशिकला बागेत नेलं होतं. बसायला बाक होते, पोरांना झोके होते. कोणी हटकलं नाही, की पैसे मागितले नाहीत. आपल्याकडे अशी बाग का नाही?”

प्रश्न साधा आहे, पण उत्तर थोडे लांबचे आहे. ऐका.

पूर्वी बागा राजांच्या असत, सरदारांच्या असत. भिंत असे, दारावर शिपाई असे. गरिबाने बाहेरूनच फुलांचा वास घ्यावा! सर्वांसाठी बाग असावी, आणि ती सर्वांच्या पैशातून व्हावी, हा विचार त्या मानाने नवा आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ बर्कनहेड नावाचे गाव आहे. तिथे 1847 साली लोकांच्या पैशातून बाग उघडली. पुढे 1850 साली अमेरिकेतला एक शेतकरी इंग्लंडात हिंडत होता. त्याचे नाव फ्रेडरिक ओल्मस्टेड. त्याने ती बाग पाहिली. गरीब-श्रीमंत सारखेच आत फिरतात, हे पाहून तो थक्क झाला. काही वर्षांनी त्याने आणि त्याच्या एका जोडीदाराने मिळून न्यूयॉर्क शहरात मोठी बाग आखली. तिचे नाव सेंट्रल पार्क. ती सुमारे 840 एकर आहे. आज सगळ्या जगातून माणसे ती पाहायला जातात. आखणारा मूळचा शेतकरी होता, एवढे ध्यानात ठेवा.

आपल्या मुंबईची राणीची बागही दीडशे वर्षांहून जुनी आहे. आता तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. मुंबईला गेलात तर जरूर पाहा. पण मुंबई लांब. आपल्याजवळ काय आहे, ते आधी पाहू.

आपल्याजवळ त्या 840 एकरांपेक्षा मोठे रान आहे. होय, आपल्याच साक्री तालुक्यात! बारीपाडा तुम्हाला ठाऊक आहे. पश्चिमेच्या डोंगरातला तो लहानसा आदिवासी पाडा. तिथल्या लोकांनी सुमारे 1100 एकर जंगल राखले आहे. माझ्या मते आपल्या भागात सावलीची सर्वांत चांगली जागा हीच. म्हणून तिच्याविषयी जरा सावकाश सांगतो.

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी बारीपाड्याचे डोंगर उघडे पडले होते. झाड दिसले की कुऱ्हाड पडे. कोणी सरपणाला तोडी, कोणी विकायला तोडी. झाड गेले तशी माती गेली. माती गेली तसे पाणी गेले. पाऊस पडायचा, पण तो थांबायचा कुठे? डोंगरावरून धावत खाली जायचा. उन्हाळ्यात बायांना हंडा घेऊन लांबवर चालावे लागे. पुरुष कामासाठी गाव सोडून जात.

त्याच पाड्यावरचे चैत्राम पवार शिकून मोठे झाले होते. नोकरीसाठी शहरात जाता आले असते. ते गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली. 1992च्या सुमारास गाव एकत्र बसले आणि ठरले, की आपले रान आपण राखायचे.

आता ‘राखायचे’ म्हणणे सोपे आहे. सरपण कुठून आणायचे? बकऱ्या कुठे न्यायच्या? चूल तर रोज पेटायला हवी. म्हणून त्यांनी नियम केले. रानात कुऱ्हाड न्यायची नाही. बैलगाडी न्यायची नाही, कारण गाडी गेली की तोड वाढते. चराईला बंदी. जो नियम मोडील त्याला दंड. मग तो आपला सोयरा असो की परका. दंडाचे नियम पुष्कळ गावांत होतात. बारीपाड्यात ते पाळले गेले, खरी गंमत तिथेच आहे. आपल्या माणसाकडून दंड घ्यायला छातीच लागते, नाही का?

त्याबरोबर श्रमदान झाले. उतारावर आडवे चर खणले. ओढ्यांत दगडांचे बांध घातले. धावणारे पाणी चालू लागले, चालणारे पाणी थांबले, थांबलेले पाणी जमिनीत मुरले. हळूहळू विहिरींचे पाणी वर आले. तोडलेल्या खोडांना पुन्हा धुमारे फुटले. जंगल लावावे लागतेच असे नाही, मंडळी. पुष्कळदा त्याला नुसते सुखाने वाढू द्यावे लागते.

बारीपाड्याची आणखी एक गोष्ट बायांना आवडेल. 2004 सालापासून तिथे वनभाजीची स्पर्धा भरते. रानात आपोआप उगवणाऱ्या भाज्या रांधून आणायच्या आणि त्यांची माहिती सांगायची. कर्टुली, तरोटा, कुरडू, बांबूचे कोंब, आणि आपण नावही विसरलो अशा कितीतरी. म्हाताऱ्या बायांना जे ठाऊक आहे ते शिकलेल्यांना ठाऊक नाही, हे त्या दिवशी उघड होते. पाहुणे लांबलांबून येतात. 2025 साली भारत सरकारने चैत्राम पवारांना पद्मश्री देऊन गौरवले.

तिथे जायचे तर पाहुण्यासारखे जा. ती काही तमाशाची जागा नाही. लोकांचे घर आहे, त्यांचे पोट त्या रानावर आहे. आधी गावात भेटा, मग रानात जा. काडेपेटी पेटवू नका. वाळलेल्या पानांत एक ठिणगी पुरते.

दुसरी जागा आपल्या अगदी उशाशी आहे. लाटीपाडा धरण. तिथे पांझरेचे पाणी अडवले आहे. सकाळी लवकर गेलात तर पाखरे दिसतात, गार वारा लागतो. पण पाण्यात उतरू नका. नदीत पोहायला शिकलेल्या माणसाला वाटते, मला काय होते? धरणाच्या पाण्याला नदीसारखा उतार नसतो. दोन पावलांवर एकदम खोल असते, खाली गाळ असतो. पोरांना काठावर सोडून गप्पा मारत बसू नका.

पांझरेवरून आठवण झाली. या नदीवर आपल्या वाडवडिलांनी फडाची बागायत केली. नदीत बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखाली गावाच्या शेतीचे फड. कोणत्या फडात यंदा काय पिकवायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांची मजुरी शेतकऱ्यांनी द्यायची. शेकडो वर्षे हे चालले. सर्वांची वस्तू कशी सांभाळावी, हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको होते. मी हे आताच का सांगतो, ते पुढे कळेल.

पावसाळ्यात आमळीकडे अलालदरीचा धबधबा आहे. आमळीचे कन्हैयालाल महाराजांचे देऊळ सर्वांना ठाऊक आहे, कार्तिकी एकादशीला तिथे यात्रा भरते. धबधबा सुंदर आहे, पण कडा निसरडा आहे. फोटोसाठी कड्यावर जाणारे तरुण पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. लांबून पाहा, तितकाच दिसतो.

धुळ्याला कोर्टकचेरीच्या कामाला गेलात आणि दिवस मोकळा मिळाला, तर लळिंगला जा. मुंबई-आग्रा रस्त्यावर किल्ला आहे, त्याच्या पायथ्याला वनखात्याचे कुरण आहे. तिथल्या लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1937 साली उतरले होते. ते धुळ्याला कोर्टाच्याच कामासाठी आले होते. दरवर्षी 31 जुलैला लोक तिथे जमतात, बाबासाहेबांना अभिवादन करतात. आता तिथे जाल तेव्हा फलक स्वतः वाचता येतील!

या झाल्या सुट्टीच्या दिवसाच्या जागा. पण रोजच्या रोज संध्याकाळी म्हातारा माणूस कुठे बसेल? बाळंतीण लेक माहेरी आली, तिने बाळाला घेऊन कुठे फिरावे? बारीपाड्याला तर रोज जाता येत नाही. आजीबाईंचा प्रश्न खरा इथेच आहे. आणि याचे उत्तर आपल्या कागदांत पडून आहे.

गाव वाढते आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेते बिगरशेती होतात, प्लॉट पडतात, नवी कॉलनी होते. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे तर सगळी जमीन विकता येत नाही. सरकारचा नियम असा, की दहावा हिस्सा सर्वांसाठी मोकळा ठेवला पाहिजे. त्याला ‘खुली जागा’ म्हणतात. काही लोक ‘ओपन स्पेस’ म्हणतात. मंजूर नकाशात ती दाखवलेली असते. समजा, दोन एकरांचे प्लॉट पडले. एका एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे जमीन झाली ऐंशी गुंठे. तर सुमारे आठ गुंठे खुली जागा असली पाहिजे. आठ गुंठ्यांत छान बाग होते.

मग ती बाग दिसत का नाही? तुम्ही सांगा. एका कोपऱ्यात कोणाची म्हैस बांधलेली आहे. दुसऱ्या कोपऱ्यात वाळूचा ढीग. मध्ये कचरा. दोन वर्षांनी म्हशीवर पत्र्याचे छप्पर येते. चार वर्षांनी छपराला विटांची भिंत येते. मग एक दिवस कोणी म्हणतो, “ही जागा तर आमचीच.” तोपर्यंत आपण सगळे गप्प बसलेलो असतो. वाईट कोणालाच व्हायचे नसते.

म्हणून प्लॉट घेणाऱ्याने पहिले काम हे करावे. विकणारा रंगीत कागद दाखवतो, त्यावर झाडे, कारंजी काढलेली असतात. त्या कागदावर भुलू नये. त्याला म्हणावे, “दादा, मंजूर नकाशा दाखवा. बिगरशेतीचा हुकूम दाखवा.” नकाशावर सही-शिक्का आहे का ते पाहावे. ‘खुली जागा’ ही अक्षरे शोधावीत. तिच्या चारी बाजूंना कोणते प्लॉट नंबर आहेत ते वहीत लिहून घ्यावेत. मग प्रत्यक्ष जाऊन पावलांनी मोजावे. वाचायला शिकलात ते यासाठीही शिकलात.

ज्यांनी आधीच घर बांधले आहे, त्यांनी नकाशाची नक्कल मागावी. शहरात नगरपरिषदेत, खेड्यात ग्रामपंचायतीत. साहेब म्हणाले, “आज नाही, उद्या या,” तर भांडू नये. घरी येऊन अर्ज लिहावा. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 साली झाला. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट-फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ आहे. कार्यालयाने तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर पोच घ्यावी. पोचेशिवाय अर्ज म्हणजे पाण्यावरची रेघ.

जागा सापडली, की अतिक्रमण करणाऱ्याशी आधी गोडीने बोलावे. म्हैस बांधणारा आपलाच शेजारी असतो, त्याला जागेची अडचणही असते. मुदत द्यावी. नाहीच ऐकले तर सर्वांच्या सह्यांचा अर्ज द्यावा. एकट्याची सही असली तर तो एकटा वाईट होतो. वीस सह्या असल्या की कॉलनी बोलते. त्या वीस सह्यांत बायांच्या सह्या हव्यात. आणि यंदा अंगठे नकोत!

आता झाडांचे सांगतो आणि थांबतो. लोक गुलमोहर लावायला धावतात. तो दिसायला सुंदर, पण परक्या देशाचा, मादागास्करचा. वादळात त्याच्या फांद्या मोडतात. कडुनिंब लावा, करंज लावा, चिंच लावा. कमी पाण्यात तग धरतात. एखादा बहावा शोभेला चालेल. पिंपळ एकच लावा आणि भिंतीपासून लांब लावा, त्याची मुळे भिंत फोडतात. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तो मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. माती आणि कुजलेले शेणखत घालून भरावा. एक-दोन चांगले पाऊस झाले, की रोप लावावे. भोवती बाभळीच्या काट्या लावाव्यात, नाहीतर बकरी एका दुपारी सगळी बाग खाऊन टाकते.

पहिले तीन उन्हाळे पाण्याचे. फुटके-तुटके मडके टाकू नका. बुडाला बारीक भोक पाडा, त्यात सुती चिंधीची वात घाला आणि मडके रोपाशेजारी पुरा. आठवड्यातून एक-दोनदा भरले तरी मुळाला ओल राहते. पाळी घरागणिक लावावी. कोणाची पाळी कोणत्या वारी, ते एका पाटीवर लिहून खुल्या जागेत टांगावे. पाटी लिहायचे काम या वर्गाने घ्यावे, असे मला वाटते. उद्या येताना आपापल्या कॉलनीचे नाव आणि घरांची संख्या वहीत लिहून आणा.