भाताच्या पाण्यातला मिथेन



पावसाळ्यात विरारहून वाड्याकडे निघालात,
की पाण्यानं भरलेली भातखाचरं दिसतात.
त्या पाण्याखालच्या चिखलाला हवा मिळत नाही.
मग तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात.
हा वायू हवा तापवतो.
आणि तो वर येतो बहुतेक भाताच्या रोपातूनच!

आता जरा तुलना करू.

भारतात शेतीतल्या मिथेनचा मोठा वाटा गुरांचा.
गाई-म्हशी रवंथ करतात, ढेकर देतात, वायू सुटतो.
भात त्यांच्या मागे.

आग्नेय आशियात उलट आहे.
व्हिएतनाम, थायलंडच्या त्या पट्ट्यात भात पुढे, गुरं मागे.
तिथे बऱ्याच ठिकाणी वर्षाला दोन-तीन वेळा भात होतो.
आपला पालघरचा भात मुख्यतः एका पावसाळ्याचा.

पुन्हा सांगते.
भारतात गुरं पुढे.
आग्नेय आशियात भात पुढे.

भाताचा वाटा कमी करता येतो.
खाचरातलं पाणी अधूनमधून उतरू द्यायचं, मग पुन्हा भरायचं.
चिखलाला हवा लागली, की मिथेन घटतो.
फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ही पद्धत रुजवली.
आपल्याकडे जुलैत पाणी उतरवणं अवघडच,
पाऊस थोडाच ऐकतो!
उघडीप मिळाली, तर बांध फोडून पाहा.
फुलोऱ्यात मात्र पाणी राहू द्या.