विलायतेतील वाडे आणि एका सुताराचे नाव
(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 चिटणीसांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली. शिक्षणावर तर या व्यासपीठावरून आपण दरवर्षी ऐकतोच. म्हणून यंदा आपल्या पिढीजात धंद्याशी निगडित, पण दूरदेशीचा असा एक विषय घेतला आहे. इंग्लंड व स्कॉटलंड या देशांतील जुने वाडे, त्यांची अंतर्गत सजावट आणि त्यांतील लाकडी सामान, हा तो विषय होय. हे वाडे मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. ग्रंथ व छायाचित्रे यांच्या आधारे जे कळले तेच आपल्यापुढे मांडतो.

तिकडील बडे जमीनदार आपल्या जहागिरीच्या गावी जी प्रशस्त घरे बांधीत, त्यांना 'कंट्री हाउस' म्हणतात. अठराव्या शतकात अशा घरांना मोठा बहर आला. ही घरे म्हणजे केवळ दगडविटांची बांधकामे नव्हती. आत शिरणाऱ्या पाहुण्याच्या मनावर मालकाची श्रीमंती, विद्या व रसिकता ठसावी, अशी प्रत्येक दालनाची योजना असे. रॉबर्ट अॅडम नावाचा स्कॉटिश वास्तुशिल्पी या योजनेत निष्णात होता. भिंतीचा रंग, शेकोटीची चौकट, छताची नक्षी आणि पायांखालचा गालिचा ही सर्व त्याच्या मते एकाच चित्राची अंगे होत. यॉर्कशायरमधील हेअरवुड हाउस येथील संगीतदालनात छतावरील नक्षीचा पडसाद गालिच्यावर उमटलेला आहे. आपल्याकडे जाणता मेस्त्री तक्तपोशी, तुळई आणि खांबावरचे कमळ यांचा मेळ घालतो, त्याच जातीचे हे शहाणपण होय.

सामान मांडण्याची रीतही आजच्याहून निराळी होती. खुर्च्या दालनाच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत ओळीने मांडीत आणि लागतील तेव्हा नोकर त्या पुढे आणीत. मालक शहरी गेला की त्यांवर सुती कापडाच्या खोळी चढत आणि खिडक्यांचे पडदे मिटत. कारण ऊन हा कापडाचा, रंगाचा व लाकडाचाही वैरी आहे. गाद्या-गिरद्यांचे रेशीम लाकडापेक्षाही महाग पडे. आज दोनशे-अडीचशे वर्षांनी त्यांतील काही वस्तू जवळजवळ मूळ स्वरूपात दिसतात, त्याचे बरेचसे श्रेय या निगराणीला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. हा वाडा कोणाचा असे विचारले की मालकाचे नाव पुढे येते. परंतु यांतील काही वाड्यांत आज जगभरचे लोक जातात ते मालकाच्या नावासाठी नव्हे, तर आपल्यासारख्याच एका सुताराच्या नावासाठी. त्याचे नाव टॉमस चिपेंडेल.

यॉर्कशायरमधील ऑटली या गावी १७१८ साली त्याचा जन्म झाला. बाप जॉन हा सुतारच. घरात रंधा-करवतीचा आवाज ऐकतच हा मुलगा वाढला. पुढे तो लंडनला गेला आणि १७५४ साली सेंट मार्टिन्स लेन या रस्त्यावर त्याने कारखाना थाटला. त्याच वर्षी त्याने एक धाडसाचे काम केले. टेबले, खुर्च्या, पलंग, कपाटे यांचे नमुने असलेला, १६० ताम्रपटांचा मोठा ग्रंथ त्याने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. 'द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर' हे त्याचे नाव. ग्रंथाच्या आरंभी स्तंभांची प्रमाणे दिलेली आहेत; कारण प्रमाण साधले नाही तर कोरीवकाम कितीही नाजूक असले तरी व्यर्थ, हे तो जाणून होता. वर्गणीदारांच्या यादीत सरदार-उमरावांच्या जोडीला धंद्यातील अनेक कारागीर होते. १७६२ साली तिसरी आवृत्ती निघाली, तिची फ्रेंच भाषेतही प्रत निघाली. सामान बनविणाऱ्या कारागिराने स्वतःच्या नमुन्यांचा एवढा मोठा ग्रंथ काढावा, ही इंग्लंडात नवलाची गोष्ट होती.

त्याचा मार्ग फुलांचा नव्हता. १७५५ साली कारखान्याला आग लागली आणि बावीस कामगारांच्या हत्यारांच्या पेट्या जळाल्या. ज्याची हत्यारे गेली त्याचे हातच गेले, हे या सभेत मी समजावून सांगण्याची गरज नाही. तरी तो पुन्हा उभा राहिला.

१७५९ साली स्कॉटलंडमधील डम्फ्रीज हाउससाठी त्याने सामान पुरविले. १७६६ पासून नॉस्टेल प्रायरी येथे सर रोलंड विन यांच्यासाठी काम केले. तेथे १७६७ साली दिलेले ग्रंथालयातील मोठे टेबल ७२ पौंड १० शिलिंगांचे होते. परंतु त्याच घराच्या स्वयंपाकघरासाठी एल्म लाकडाचा भक्कम ठोकळा, मांस तोडण्याचा, तोही त्यानेच पुरविला! दिवाणखान्याचे काम थोर आणि स्वयंपाकघराचे हलके, असा भेद त्याने केला नाही. आपल्यातही जो हात देव्हारा घडवितो तोच पाट आणि पोळपाट घडवितो.

हेअरवुड हाउसचे काम त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे. त्याची एकूण रक्कम दहा हजार पौंडांच्या वर गेली. विल्यम रीड नावाचा त्याचा मुकादम कामगारांसह तेथे राहून काम पाहत असे. १७७३ साली दिलेले, डायना व मिनर्व्हा या देवतांच्या आकृती असलेले एक खणांचे कपाट ८६ पौंडांचे आहे. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ पापुद्रे कापून ते असे बसविले आहेत की चित्र रंगविल्याचा भास व्हावा. तेथील लांब दालनाच्या खिडक्यांवर जड रेशमी झालरींच्या चुण्या दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर ते कापड नव्हेच, कोरून रंगविलेले लाकूड आहे!

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेअरवुडचे मालक लॅसेल्स यांची संपत्ती मुख्यतः वेस्ट इंडीज बेटांतील साखरेच्या धंद्यातून आली होती आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर चालत. महोगनीची झाडे तोडणारेही बहुतेक गुलामच. सुंदर वस्तू पाहताना तिच्यामागचे दुःख दृष्टीआड करू नये.

कारागिराच्या वाट्यालाही सुख बेताचेच आले. सरदार लोक माल त्वरेने मागत, पैसे मात्र सावकाश देत. पैशांसाठी काकुळतीने लिहिलेली चिपेंडेलची पत्रे आणि उशीर झाला म्हणून त्याच्यावर संतापणारे सर रोलंड यांचे पत्र, दोन्ही उपलब्ध आहेत. १७७९ साली क्षयाने त्याचे निधन झाले. धंदा मुलाने चालविला, पण १८०४ साली त्याचे दिवाळे वाजले. हा इतिहास ऐकून आपल्यापैकी अनेकांना आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण झाली असेल.

मग या सुताराचे नाव टिकले कसे? तो आपल्या मालावर नावाचा शिक्का मारीत नसे. 'चिपेंडेल' म्हणून बाजारात खपणाऱ्या असंख्य वस्तू त्याच्या कारखान्यातल्या नाहीतच. त्याच्या ग्रंथावरून इतरांनी केलेल्या किंवा नुसत्या त्या धाटणीच्या आहेत. अस्सल कोणती हे ठरते ते कागदावरून. नॉस्टेल, हेअरवुड, डम्फ्रीज या घरांत त्याची बिले आणि हिशेब जपून ठेवले गेले. ख्रिस्तोफर गिल्बर्ट या अभ्यासकाने असे कागद वस्तूंशी ताडून १९७८ साली त्याचे सविस्तर चरित्र सिद्ध केले. ग्रंथाने त्याला कीर्ती दिली, पण त्याच्या हातची वस्तू ओळखू आली ती साध्या बिलांमुळे.

दुसरी गोष्ट अशी की वस्तू, तिचे घर आणि तिचा कागद एकत्र राहिले तरच तिचा अर्थ कळतो. इंग्लंडातील मेंटमोर नावाचे घर सामानासह वीस लाख पौंडांना सरकारला देऊ केले होते. सरकारने नाकारले. १९७७ साली तेथील सामानाचा लिलाव झाला, साठ लाखांहून अधिक पौंड आले आणि संग्रह दाही दिशांना पांगला. त्यावरून देशात मोठी हळहळ झाली. पुढे २००७ साली डम्फ्रीज हाउसवर तोच प्रसंग आला. लिलावाची तयारी झाली, सामान भरलेल्या गाड्या लंडनच्या वाटेला लागल्या. एवढ्यात त्या वेळचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने साडेचार कोटी पौंड उभे राहिले आणि गाड्या अर्ध्या वाटेवरून परतल्या. आज ते सामान, ज्या घरासाठी घडविले त्याच घरात, लोकांना पाहावयास मिळते.

ज्ञातिबंधूंनो, आता आपल्या अंगणात येऊ. पेशवाई वाड्यांतील सुरूदार खांब, पुण्याच्या विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागाचे कोरीवकाम, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, ही आपल्या धंद्याची लेणी आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचे भरगच्च नक्षीचे सामान बनत असे. 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने आजही देशोदेशीचे संग्राहक ते शोधीत असतात. त्या खांबांवर ज्यांची पटाशी चालली, त्यांतील एकाचे तरी नाव आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? कसब कमी नव्हते. पण आपला सुतार बलुतेदार होता. त्याचे बिल धान्याच्या राशीवर फिटत असे आणि रास घरी नेली की हिशेब संपे. ज्याच्या कामाचा कागद झाला नाही, त्याचे काम उरले आणि नाव गेले.

गतकाळाचा कागद आता कोठून आणणार? पण पुढची पिढी तरी निनावी राहू नये, एवढे आपल्या हाती आहे. म्हणून तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, घरात जे म्हातारे मेस्त्री आहेत त्यांना शेजारी बसवून, त्यांनी कोणत्या गावी कोणते देऊळ, कोणता वाडा, कोणता रथ घडविला, कोणते लाकूड वापरले, जोडीला कोण होते, हे एका वहीत लिहून घ्यावे. हे काम शाळेत जाणाऱ्या नातवंडांना सांगावे. त्यांचे अक्षरही सुधारेल आणि आजोबांचा मोठेपणाही कळेल. दुसरी, जे आजही धंद्यात आहेत त्यांनी प्रत्येक कामाचे बिल, नकाशा व छायाचित्र यांची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूस आपले नाव, गाव व साल कोरावे. यात गर्व नाही. ती कामाची जबाबदारी आहे. तिसरी, जुने फडताळ, चौरंग, झोपाळ्याच्या कड्या किंवा वडिलोपार्जित हत्यारे जुना बाजारवाल्यास देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. अडचणीत माणसाला विकावे लागते, त्याला दोष देता येत नाही. पण देण्याआधी छायाचित्र घ्यावे व माहिती टिपून ठेवावी, म्हणजे वस्तू गेली तरी तिची कुळकथा घरात राहील.

आपली मुले आज कार्यालयांत, इस्पितळांत, यंत्रशाळांत नोकऱ्या करतात याचा मला शिक्षक म्हणून आनंदच आहे. प्रत्येकाने रंधाच धरावा असे मी म्हणणार नाही. मात्र ज्याने रंधा खाली ठेवला त्याने लेखणी हाती घेतली आहे. त्या लेखणीवर रंधा धरणाऱ्यांचे ऋण आहे. ऑटली गावात आज चिपेंडेलचा पुतळा उभा आहे आणि २०१८ साली त्याच्या जन्माला तीनशे वर्षे झाली तेव्हा लीड्स शहरात त्याच्या कामाचे प्रदर्शन भरले. आपल्याला पुतळे नकोत. मंडळाच्या कपाटात अशा वह्यांची एक रांग उभी राहिली तरी पुष्कळ झाले.