हातमोजे खिळ्याला का टांगलेले राहतात?



आपल्या वस्तीतली बरीच घरे सफाईच्या पगारावर चालतात. त्या घरांत गमबूट दाराआड आणि रबरी हातमोजे खिळ्याला टांगलेले दिसतात. ते का वापरत नाहीत, तर साहेब लोक म्हणतात, "अडाणी आहेत, सवय नाही." आम्हाला हे उत्तर पटत नाही. तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले आहे.

जाड मोजा घातला की फावड्यावरची पकड सुटते. घामाने बोटे भिजतात. माप सगळ्यांना एकच. बायांच्या हातात तो पिशवीसारखा लोंबतो. गमबूट फाटला की घाण पाणी आत शिरते आणि दिवसभर आतच राहते, मग त्यापेक्षा चप्पल बरी वाटणारच. कंत्राटावरचा माणूस मोजे चढवत बसला तर मुकादम ओरडतो, ते वेगळेच.

पण आपल्या मनातलेही लपवू नये. "इतकी वर्षे उतरतोय, मला काय झालं?" या बोलण्यात बढाई आहे. मोजे घालणाऱ्या नव्या पोराला आपणच 'डॉक्टर आले' म्हणून हसतो. या बढाईने पैसा वाचतो तो कंत्राटदाराचा.

गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू बढाई जाणत नाही. तो थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण फार वाढले की नाकाला वासच कळेनासा होतो. म्हणजे 'वास गेला, आता उतरा' हा हिशेब जिवावर बेततो. झाकण उघडे ठेवले तरी गाळ ढवळताच अडकलेला वायू सुटतो. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काही कामाचा नाही. बाहेरची हवा नळीने पुरवणारा मुखवटा हवा आणि अंगाला पट्टा-दोर हवा, म्हणजे वरच्याला खाली न उतरता ओढून काढता येते. एकाला वाचवायला दुसरा उतरला आणि दोघेही गेले, हे आपण किती वेळा ऐकले!

साधनांशिवाय गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. मेल्यावरची रक्कम वाढली. जिवंत माणसाच्या मोज्याचे माप मात्र कोणी घेतले नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादला जाऊन ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. मोजे खरेदी करणाऱ्या साहेबांनी निदान ते घालून अर्धा तास फावडे तरी चालवावे.

तेव्हा येत्या रविवारी आपले विद्यार्थी विहारात फूटपट्टी आणि वही घेऊन बसतील. प्रत्येकाच्या हातापायाचे माप नावासह लिहून अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यायचा आहे. येताना फाटका गमबूटही घेऊन या. अर्जाबरोबर तो टेबलावर ठेवू.