जलमहालाच्या पाळीवरची कणकेची गोळी

दिवाळीच्या सुट्टीत आपली मंडळी जयपूरला जातात. सकाळी आमेरचा किल्ला, दुपारी हवामहल, संध्याकाळी जलमहालाची पाळ. तिथे मुलांच्या हातात कणकेच्या गोळ्या येतात, पाण्यात टाकल्या की मासे उसळतात, फोटो निघतो आणि पदरी थोडं पुण्यही पडल्यासारखं वाटतं. मी आज या गोळीबद्दल बोलणार आहे. पाण्यात पडल्यावर तिचं पुढे जे होतं, ते आपण हॉटेलात गाढ झोपलेलो असताना होतं.

कणकेची गोळी म्हणजे साठवलेलं ऊन. गव्हाच्या पानाने हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी वर पाठवलेलं पाणी घेतलं, उन्हाच्या जोरावर साखर बनवली, प्राणवायू बाहेर सोडला आणि त्या साखरेचं पिष्ट करून दाण्यात भरून ठेवलं. हे झालं प्रकाशसंश्लेषण. ती शिल्लक ज्याला खर्च करायची, त्याने उलट वाटेने जायचं: साखर आणि प्राणवायू घ्यायचा, पेशीत ती टप्प्याटप्प्याने मोडायची, ऊर्जा काढून घ्यायची, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडून द्यायचं. हे पेशींचं श्वसन. वनस्पती दिवसा अन्न बनवतात आणि रात्री श्वास घेतात, असं आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केलंय. ते अर्धंच खरं. श्वसन चोवीस तास चालतं. रात्री थांबतं ते अन्न बनवणं.

आता हे तळ्याला लावून बघा. दिवसभर पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं. सूर्य मावळला की सोडणारं कोणी उरत नाही, घेणारे मात्र सगळे: मासे, किडे, तळच्या गाळातले जीवाणू आणि खुद्द शेवाळसुद्धा. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो तो पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी. जलमहाल ज्यात उभा आहे तो मानसागर दरभावती नदीला बांध घालून केलेला. ब्रह्मपुरी आणि नागतलाईच्या नाल्यांनी त्यात वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी आणलं. सांडपाणी म्हणजे शेवाळाला फुकटचं खत. त्यावर माशांनी न खाल्लेली कणीक तळाशी जाते, जीवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि पुन्हा प्राणवायूच वापरतात. अशा तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. एखाद्या दिवशी ते मरून तरंगतात, मग गावात बोलवा उठते की कोणीतरी विष कालवलं. बऱ्याचदा विष नसतंच. मासे गुदमरलेले असतात. आपल्या गावच्या तळ्यात निर्माल्य सोडतो तेव्हाही हेच घडतं, फक्त तिथे कणकेऐवजी झेंडू असतो.

पाणी आणि कार्बन फिरून परत येतात. ऊर्जा येत नाही, ती उष्णता होऊन निघून जाते. आता रेडिओ ऐकत स्वस्थ बसलेले तुम्हीसुद्धा साधारण 100 वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता खोलीत सोडताय. म्हणून अन्नसाखळीत खालच्या पायरीवरून वरच्या पायरीला पोचतो तो जेमतेम दहावा हिस्सा. हा हिशेब रेमंड लिंडमन या अमेरिकी तरुणाने एका लहानशा तळ्यावर मांडला. त्याचा निबंध 1942 साली छापून आला तेव्हा तो हयात नव्हता; सत्ताविसावं वर्षही त्याला पूर्ण करता आलं नाही.

या दहाव्या हिश्शाचा हिशेब डोळ्यांनी बघायचा असेल तर जयपूरहून एक दिवस काढून सांभरला जा. 1990 पासून रामसर यादीत असलेलं हे खाऱ्या पाण्याचं सरोवर. धाकटा रोहित, म्हणजे लहान जातीचा फ्लेमिंगो, इथे चोच उलटी करून पाण्यातलं स्पिरुलिना हे सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. ऊन, स्पिरुलिना, रोहित: मध्ये दलाल नाही. म्हणून तो हजारोंच्या थव्याने दिसू शकतो. जयपूरला लागूनच असलेल्या झालानाच्या जंगलात मात्र बिबट्या दिसेल की नाही याची खात्री नसते, कारण त्याच्यापर्यंत पोचेतो उन्हाचे बरेच हिस्से वाटेतच खर्ची पडलेले असतात.

याच सांभरने नोव्हेंबर 2019 मध्ये दुसरी बाजूही दाखवली. अठरा हजारांहून जास्त पक्षी मेले. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने निदान केलं बोट्युलिझमचं. हा आजार ज्या जीवाणूच्या विषामुळे होतो, तो प्राणवायू नसलेल्या जागी वाढतो: कुजक्या गाळात, मेलेल्या पक्ष्याच्या देहात. त्या देहावरच्या अळ्यांना हे विष बाधत नाही; त्या अळ्या खाणारा पक्षी मात्र मरतो, आणि त्याच्या देहावर पुन्हा अळ्या. त्यामुळे साथ आवरायची तर मेलेले पक्षी भराभर उचलणं याला पर्याय नव्हता.

तेव्हा सांभरला जाल तर दुर्बीण न्या, सकाळी लवकर पोचा आणि फोटोसाठी थवा उडवू नका. एकेक भरारी त्यांना काही घासांना पडते. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, वनखात्याला कळवा. आणि जलमहालाच्या पाळीवर मुलांनी हट्ट धरला, तर त्यांना पहाटे तिथे घेऊन जा आणि मासे वर का आलेत ते दाखवा. गोळ्या मात्र घेऊ नका.