बाबराची बाग



राजाच्या बागेचे चित्र म्हटले की कारंजी, गालिचे आणि लोडाला टेकलेला बादशहा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आज मी ज्या चित्राविषयी बोलणार आहे, त्यातील बादशहा मात्र उभा आहे आणि त्याच्यापुढे माणसे कामात गढलेली आहेत.

जलालाबादनजीक बाबराने १५०८-०९ च्या सुमारास ‘बाग-ए-वफा’ वसविली. त्याच्या आत्मचरित्राचा फारसी अनुवाद अब्दुर्रहीम खानखानान याने १५८९ साली अकबरास सादर केला, आणि पुढे लवकरच त्याच्या एका सचित्र प्रतीसाठी बिशनदासाने हे चित्र रंगविले. त्यातील चेहरे नन्हाचे. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. बाग वसली आणि चित्र निघाले, यांत सुमारे ऐंशी वर्षांचे अंतर पडले, हे ध्यानी घ्यावे.

पाण्याच्या पाटांनी बागेचे चार वाफे पाडले आहेत. दोन मजूर मापाची दोरी ताणून धरीत आहेत. एकाच्या हाती चौकटी आखलेला आराखडा आहे. बाबर हात उंचावून सूचना देत आहे. गंमत अशी की, जमीन आपण जणू वरून पाहतो, पण झाडे आणि माणसे समोरून! युरोपीय यथादर्शनाच्या सवयीने कोणी यास दोष म्हणेल. मला तो दोष वाटत नाही. बागेची आखणी आणि डाळिंब-नारिंगांची झाडे ही दोन्ही एकाच वेळी पुरतेपणी दाखवावयाची, तर दुसरा मार्ग कोणता?

‘पॅरडाइज’ हा शब्द मुळात प्राचीन इराणी. त्याचा अर्थ भिंतीने वेढलेली जागा. बायबलच्या ग्रीक भाषांतरकारांनी एदेन बागेसाठी तोच शब्द योजिला. त्या बागेतून निघालेल्या नदीचेही चार फाटे होतात, आणि आदामास तेथे ठेवले ते मशागतीसाठी व राखणीसाठी. विश्रांतीसाठी नव्हे! आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत फुलांचे ताटवे शोधणाऱ्या पाहुण्यास ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ दिसतात, तेव्हा तो नावास हसतो. बिशनदास बहुधा हसला नसता.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातील शेतकऱ्यांस आवडेल. बाबराने त्या बागेत ऊसही लावला आणि केळीही. दोन्ही उत्तम आली, आणि थोडा ऊस त्याने बुखाऱ्यास धाडला, असे तो स्वतः लिहितो. नारिंगे पिकू लागली म्हणजे हौदाभोवतालची शोभा काय असते, हेही तो विसरत नाही.

चित्राचे दुसरे पान याच्या शेजारी ठेवून पाहावे. तेथे बागेचा दरवाजा आहे आणि बाहेर परराज्याचे वकील तिष्ठत आहेत. आत बादशहाचे लक्ष दोरीकडे आहे.