जुनी ऑटोमॅटिक घेताय? आधी सीव्हीटीचं दुखणं समजून घ्या

जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीतून बोलतोय मी. काम सॉफ्टवेअरचं, नाद गाड्यांचा.

सध्या एक प्रश्न सारखा येतोय: "भाऊ, बाबांचे गुडघे दुखतात, क्लच जमत नाही. जुनी सीव्हीटी कार स्वस्तात मिळतेय. घेऊ का?"

सीव्हीटी आपल्याला नवीन नाही. बिनगिअरच्या स्कूटीत तेच असतं. 1984 साली आलेल्या किनेटिक होंडातही तेच होतं. दोन पुल्या, मध्ये पट्टा. पुल्या रुंद-अरुंद होतात, पट्टा वर-खाली सरकतो, गिअर न पडताच रेशो बदलत राहतो. कारमध्ये हा पट्टा बहुतेक स्टीलचा असतो.

खरी गोम इथंच आहे. साध्या गिअरचे दाते एकमेकांत अडकतात. पट्टा मात्र नुसता दाबून धरलेला असतो. पकड सुटली की तो घसरतो आणि पुलीवर चरे पडतात.

पहिला तोटा रस्त्यावर कळतो. जिंतूर रोडला ट्रक ओव्हरटेक करायला पाय दाबला की आधी इंजिन ओरडतं, वेग मागून येतो. यालाच रबर बँड इफेक्ट म्हणतात. समोरून एसटी येत असेल तर तेवढा उशीरही महागात पडतो.

दुसरा, उष्णता. आपला मे महिना, पाच माणसं, डिकी फुल्ल, एसी चालू. गिअरबॉक्सचं तेल जास्त तापलं तर बऱ्याच गाड्या आपणहून ताकद कमी करतात. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक गरगर फिरून एकदम पकड घेतं, तो हिसकाही पट्ट्यालाच बसतो.

तिसरा, खर्च. तेल खास सीव्हीटीचंच लागतं. बिघाड झाला तर गल्लीतला मेकॅनिक सहसा हात लावत नाही. अनेकदा अख्खा गिअरबॉक्सच बदलायला सांगतात. मग स्वस्तात घेतलेली गाडी कसली स्वस्त?

म्हणजे सीव्हीटी वाईट का? अजिबात नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये लोण्यासारखी चालते. पण जुनी घेताना तेल बदलल्याचं बिल मागा. अर्धा तास चालवून गाडी गरम करा, मग चढावर न्या. थरथर, हिसके, घरघर जाणवली तर सरळ नमस्कार करून निघा. आणि रोजचा रस्ता शेताचा असेल, तर बाबांसाठी एएमटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक बघा.

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!