तंबोरा जुळेपर्यंत

गानसरस्वती किशोरीताई आमोणकर फार तापट, असं सर्रास म्हटलं जातं. तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत त्या गायला बसत नसत. समोर कुजबुज झाली तर सुनावत. मला तो नुसता राग वाटत नाही. लहानपणी आई मोगूबाई कुर्डीकरांबरोबर त्या मैफिलींना जात. एवढ्या थोर गायिकेला मिळणारी तुटपुंजी बिदागी, उतरण्याच्या जागेची हेळसांड त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. ते त्या कधीच विसरल्या नाहीत.

आतली ओढाताण याहून खोल. शिकवताना मोगूबाई एखादी जागा दोनदा गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही. जयपूर-अत्रौली घराण्याची ही करडी शिस्त अंगात भिनलेली, आणि किशोरीताईंचं मन रागाच्या भावामागे धावणारं! मध्यंतरी तर काही काळ आवाजच गेला. १९६४च्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी त्या गायल्या, तेही आईला रुचलं नाही.

भूप रागातली ‘सहेला रे’ ही त्यांनीच बांधलेली बंदिश. पाचच स्वर, पण केवढी आर्तता! आज रात्री घर निजलं की ती ऐका. सुरुवातीचा आलाप मात्र चुकवू नका.